डावीकडचं पाणी : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

जागा ठरली. ओढा जिथं वळण घेतो आणि एका आडव्या कातळावरून जेमतेम हातभर खाली पडतो, तिथं. धबधबा म्हणावा इतकं ते मोठं नाही. पाणी कातळाच्या कडेशी येतं, क्षणभर पातळ काचेसारखं दिसतं आणि फुटतं. खाली दोन धोंडे, एक पाण्यात बुडालेला, एक अर्धा कोरडा. काठ उतरता. वर जांभळीची दोन झाडं, त्यांच्या मागे बांबूचं बेट.

पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे विसर पडायला नको: जागा सुंदर आहे म्हणून निवडलेली नाही. इथं माझी फसगत झाली म्हणून निवडली. गेल्या महिन्यात पायवाटेनं येताना पाणी उजवीकडे ऐकू आलं, म्हणून उजवीकडे वळले आणि काटेरी झुडपात शिरले. ओढा डावीकडे होता. वीस पावलांवर.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी उठले तेव्हा डावा कान बंद होता. सर्दी असेल, मळ असेल, असं म्हणत तीन आठवडे काढले. अचानक आलेला असा बहिरेपणा ही तातडीनं दवाखाना गाठायची गोष्ट असते. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर काही ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते, हे मला उशिरा कळलं. कुणाला असं झालं तर वाट पाहू नये.

आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांतल्या फरकावरून कळतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाशी आधी पोचतो, उजव्याशी मागाहून. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मध्ये डोकं येतं, त्याची आवाजावर सावली पडते आणि पलीकडच्या कानाला बारीक, उंच स्वर कमी मिळतात. एक कान गेला की हा सगळा हिशेबच बंद. मला सगळं उजवीकडूनच येतं. कुणी हाक मारली की मी गोल फिरते. पक्षी बोलला की झाडभर शोधत बसते.

रान मला पूर्वी खोलीसारखं होतं. इथं पाणी, तिथं धोबी पक्षी, पाठीमागे बांबू. डोळे मिटून सांगता यायचं. आता ते भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं सपाट झालंय. मला त्याचं दुःख आहे, आणि ते आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. हे काम त्यासाठी.

३ नोव्हेंबर

सकाळी सहा ते अकरा नुसती बसून होते. काही करायचं नाही, फोटो नाही, रेखाटन नाही. पाण्याकडे तोंड केलं की आवाज भरून येतो. उजवा खांदा पाण्याकडे केला की आणखी. डावा खांदा पाण्याकडे केला की पाणी जणू कुणी गोधडीखाली झाकलं. घरंगळणारा जाड आवाज उरतो, वरची किणकिण जाते.

याच फरकात काम आहे असं वाटतंय. कसं ते कळत नाही.

९ नोव्हेंबर

वाळक्या काटक्यांचा एक मोठा कान बांधला. पुरुषभर उंच, जांभळीच्या फांद्यांच्या बेचक्यात बसवलेला. अर्ध्या भागात हिरवी पानं, अर्धा रिकामा. दुपारपर्यंत पुरा झाला, दिसायलाही देखणा.

१० नोव्हेंबर

सोडवून टाकला. काटक्या होत्या तिथं पसरल्या.

रात्रभर विचार केला. तो कान कुठंही टांगता आला असता, बसस्टँडवरसुद्धा. पाणी नसतं तरी त्याचं काही बिघडलं नसतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, अच्छा, कान, ऐकणं, हरवणं. आणि तो पुढे गेला असता. आना मेंदिएताच्या कामांचे फोटो मी कितीदा पाहिलेत. १९७३ ते १९८० या काळात आयोवात आणि मेक्सिकोत तिनं स्वतःच्या देहाचा आकार मातीत, वाळूत, गवतात उमटवला. बाराव्या वर्षी क्यूबा सोडावं लागलेली मुलगी पुढे जमिनीत स्वतःला जागा करत राहिली. ते आकार मनाला भिडतात, कारण तिथं खरंच एक शरीर जमिनीला टेकलं होतं. माझा काटक्यांचा कान जागेला कुठंच टेकलेला नव्हता. मी भावनेचं चित्र काढलं होतं.

मला जे वाटतं ते दाखवायचं नाहीये. समोरच्याला ते त्याच्या अंगावर यावं अशी जागा करून द्यायची आहे.

१६ नोव्हेंबर

पाण्याजवळ गुडघे टेकून बराच वेळ. ओढ्याचा आवाज पाणी दगडावर आपटल्यानं होतो असं मी धरून चालले होते. पण त्यातला मोठा वाटा बुडबुड्यांचा असतो. पडणारं पाणी हवा आत ओढतं, तिचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा तयार होताना घंटेसारखा वाजतो. लहान बुडबुडा उंच स्वरात, मोठा खालच्या. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये याचं गणित मांडलं: एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, तीन मिलिमीटरचा त्याच्या एक तृतीयांशाला. म्हणजे कातळाखाली मोहरीएवढ्या आणि वाटाण्याएवढ्या घंटा वाजत असतात, आणि माझ्या डाव्या बाजूला गेल्यावर आधी मोहरीच्या हरवतात.

हे कळल्यावर हात शिवशिवले. तो अर्धा कोरडा धोंडा वीतभर सरकवला तर पाणी दोन ठिकाणी फुटेल, स्वर बदलेल. ओढ्याला सूर लावता येईल! धोंड्याला हात घातला, जरासा उचलला. खाली, ओल्या बाजूला, बोटाच्या पेरापेक्षा लहान सात-आठ नळकांडी चिकटलेली. वाळूचा एकेक कण जोडून केलेली, गवंड्यानं रचावी तशी, काही कण पांढरे, एक चक्क लालसर. एकातून डोकं आणि पुढचे पाय बाहेर आले, चाचपले आणि परत आत गेले. ही एका पतंगासारख्या किड्याची अळी. स्वतःच्या लाळेच्या रेशमानं वाळू जोडून घर करते आणि पाण्यातल्या धोंड्याला धरून राहते.

धोंडा होता तसा, त्याच खाचेत, त्याच बाजूनं ठेवला. हात थरथरत होते. तिथं आधीच बांधकाम झालेलं होतं आणि मी ते न बघता पाडणार होते.

नियम पहिला: पाण्यात हात घालायचा नाही. पाणी जसं वाजतं तसंच वाजेल. बदल करायचा तो काठावर, ऐकणाऱ्याच्या बाजूला.

३० नोव्हेंबर

आज सुचलं. लिहितानाही छाती धडधडतेय.

मला वापरून बघायला एक यंत्र दिलं होतं. बहिऱ्या कानावर छोटा मायक्रोफोन, तो तिथला आवाज बिनतारी उचलून चांगल्या कानात सोडतो. दिशा काही परत मिळत नाही, पण डाव्या बाजूचं जग निदान कानी पडतं. मग हेच काम मातीला का सांगू नये? पाणी माझ्या डावीकडे, आणि उजवीकडे एक खोलगट भिंत. पाण्याचा आवाज माझ्यावरून पुढे जाईल, भिंतीवर आपटेल, गोळा होईल आणि उजव्या कानात येईल. मी ज्या बाजूला नाही, तिथलं पाणी भिंत मला आणून देईल.

अशा भिंती पूर्वी झाल्यात. इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्याजवळ डेंज इथं १९२८ ते १९३० या काळात काँक्रीटचे तीन ध्वनी-आरसे उभे केले, एक वीस फुटी, एक तीस फुटी आणि तिसरी दोनशे फूट लांबीची वक्र भिंत. शत्रूची विमानं दिसण्याआधी ऐकू यावीत म्हणून. लवकरच रडार आलं आणि त्यांचं काम संपलं, पण ते अजून उभे आहेत. आणि आकिओ सुझुकी! या जपानी कलावंतानं १९८८ मध्ये उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या दोन समोरासमोर भिंती उभ्या केल्या, आणि दिवस-रात्र समान असतात त्या शरद ऋतूतल्या दिवशी, त्यांच्यामध्ये दिवसभर बसून नुसतं ऐकलं. एवढी मेहनत, एका दिवसाच्या ऐकण्यासाठी. मला हे वेड फार जवळचं वाटतं.

मोजमाप. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे १,००० हर्ट्झच्या स्वराची लाट ३४ सेंटिमीटरची, ३,००० हर्ट्झची ११ सेंटिमीटरची. आरसा लाटेपेक्षा बराच मोठा हवा, तरच आवाज गोळा होतो. जाड घरंगळ आवाज हाती लागायला भिंत घराएवढी लागेल. पण मला तो नकोच आहे, तो मला डोक्याला वळसा घालून मिळतोच. मला मोहरीच्या घंटा हव्यात, आणि त्यांना सव्वादोन मीटर रुंदीची भिंत पुरेल.

७ डिसेंबर

ही जागा ज्यांची, त्या अण्णांशी बोलणं झालं. जागेवर आले, काठी टेकत सगळीकडे फिरले. मी कानाचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, माझाही उजवा गेलाय, ट्रॅक्टरनं. मी कुणाला सांगत नाही." मग थोडा वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

परवानगी दिली, तीन अटींवर. जिवंत बांबू तोडायचा नाही, बेटातला वाळलेला घ्यायचा. जांभळीच्या मुळांत पहार मारायची नाही. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत भिंत उतरवून माती खड्ड्यात परत. तिसरी अट ऐकून आधी वाईट वाटलं. माझ्या मनात होतं की पावसात ती आपोआप विरघळेल. अण्णा म्हणाले, "विरघळून जाईल कुठं? ओढ्यातच ना?" बरोबर आहे. पाचशे किलो गाळ त्या नळकांड्यांवर बसला असता. 'निसर्गात विलीन होणं' हे शब्द आपण किती सहज वापरतो.

१४ डिसेंबर

माती परीक्षा. तीन ठिकाणची माती तीन बाटल्यांत, वर पाणी, हलवून ठेवली. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. वरच्या बांधाजवळची माती चांगली निघाली, साधारण चौथा हिस्सा चिकण. तिची करंगळीएवढी दोरी वळली, मनगटाभोवती गुंडाळली, तुटली नाही.

भिंतीची जागा: पाणी पडतं तिथून बरोबर नऊ मीटर, पुराच्या खुणेच्या वर.

२१ आणि २२ डिसेंबर

सांगाडा उभा झाला. या दोन दिवसांतली एक गोष्ट सविस्तर लिहिते.

भिंत खोलगट हवी, म्हणजे गोळ्याच्या आतल्या अंगासारखी, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी. लाकडी फर्मा कापायचा, तर उभ्याचा वेगळा, आडव्याचा वेगळा, तिरक्याचं काय? दोन संध्याकाळी कागदावर डोकं फोडलं. मग दोरी आठवली. भिंतीपासून तीन मीटरवर एक बांबू घट्ट रोवला, जमिनीपासून एक मीटर उंचीवर त्याला सुतळीची गाठ मारली आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर तीन मीटरवर, खिळा बांधला. ताणलेल्या सुतळीचा खिळा जिथं जिथं पोचेल तिथं भिंतीचा पृष्ठभाग. संपलं. वर, खाली, तिरकं, कुठंही. एका गाठीत सगळा गोल मावतो.

खोली फक्त २२ सेंटिमीटर, वीतभरच. सव्वादोन मीटर रुंदीला एवढासा बाक लांबून दिसतसुद्धा नाही. पण सुतळी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले तेव्हा हाताला जाणवलं, ती कुठंच सैल पडत नाही, कुठंच ताणत नाही. प्रत्येक ठिकाण त्या गाठीपासून सारख्या अंतरावर. मी पन्नाशीला आले, शाळेत वर्तुळाची व्याख्या घोकली होती. ती आज हाताला कळली.

खुंट अर्धा मीटर पुरलेत, अंतर वीत-दीड वीत. कामट्या ओल्या करून एक आतून, एक बाहेरून अशा विणल्या. मागून तीन टेकू. बोटं सोललीत.

२८ डिसेंबर

लिंपण. भाची आली होती, अकरा वर्षांची. खड्ड्यात माती, वाळू, कापलेला पेंढा आणि पाणी घालून दोघींनी तुडवलं. तिनं तासाभरात ठरवून टाकलं की उजव्या पायानं तुडवलेला चिखल जास्त चांगला होतो. पस्तीस घमेली झाली. गोळा करायचा, कामट्यांवर जोरात मारायचा, म्हणजे फटींतून पलीकडे निघून धरतो. मग सुतळीचा खिळा फिरवायचा: जिथं खिळा रुतला तिथं माती जास्त, जिथं पोचला नाही तिथं कमी.

मध्येच तिनं विचारलं, "मावशी, तुला डावीकडे काय ऐकू येतं? शांतता?" मी म्हटलं, नाही गं, शांतता असती तर कळली असती. डावीकडे काही नाहीच. जशी आपल्या पाठीमागे नजर नसते, काळोखही नसतो. ती बराच वेळ स्वतःच्या पाठीमागे न बघता काय दिसतं ते बघत होती.

४ जानेवारी

भेगा. वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली हातभर लांब तडा, बोट जाईल एवढा. बाकी सगळीकडे जाळं. चूक माझी, थंडीत लवकर वाळावं म्हणून उन्हाच्या बाजूची गोणपाटं काढून ठेवली. वरचा थर वाळून आकसला, आतला ओलाच राहिला.

भेगा ओल्या करून, कापून रुंद करून, जास्त वाळूच्या मातीनं भरल्या. गोणपाटं परत, दिवसातून दोनदा पाणी शिंपडून.

११ जानेवारी

शेवटचा हात. चाळलेली माती, बारीक वाळू, पेंढा नाही. याला कारण आहे. मातीला भोकं राहिली, पेंढ्याची टोकं राहिली, तर उंच स्वर त्यांत शोषले जातात, आणि माझी सगळी धडपड उंच स्वरांसाठी. उंचसखलपणा चालतो, लाट ११ सेंटिमीटरची असताना एखाद्या सेंटिमीटरच्या फुगवट्याला ती जुमानत नाही. पण पृष्ठभाग बंद हवा. म्हणून गुळगुळीत गोट्यानं घोटणं. माती अर्धवट सुकली की एका हातात गोटा, लहान लहान वर्तुळं. सुरुवातीला गोटा खरखरतो, मग आवाज बदलतो, ओल्या कातड्यावर बोट फिरवल्यासारखा होतो. तो बदलला की पुढच्या वितीवर जायचं. मी डोळे मिटून आवाजावरच केलं. चार दिवस लागतील.

गोटा ओढ्यातला नाही. बांधावरचा.

१८ जानेवारी

ऐकू आलं नाही.

गणित असं होतं: तीन मीटर त्रिज्येच्या आरशाची नाभी, म्हणजे आवाज गोळा होतो तो बिंदू, त्रिज्येच्या निम्म्यावर, दीड मीटरवर. तिथं सपाट दगड मांडून ठेवला होता. डावा खांदा पाण्याकडे, उजवा भिंतीकडे, बसले. गोधडीखालचं तेच पाणी. भिंत नसल्यासारखं. अकरा आठवड्यांचं काम. उठून भिंतीला कपाळ टेकवलं आणि रडले. माती गार होती.

१९ जानेवारी

रात्री झोप येईना तेव्हा कळलं. निम्म्या त्रिज्येचा नियम फार लांबच्या आवाजाला लागू, आकाशातल्या विमानाला. माझं पाणी नऊ मीटरवर आहे. जवळच्या उगमासाठी: एक भागिले नऊ, अधिक एक भागिले हवं असलेलं अंतर, बरोबर दोन भागिले तीन. अंतर येतं १.८ मीटर. मी वीतभराहून अधिक पुढे, चुकीच्या जागी बसले होते.

आणखी एक चूक. पाणी भिंतीच्या पायापेक्षा अर्धा मीटर खाली पडतं. खालून येणारा आवाज वर गोळा होतो. पाण्यापासून सरळ रेघ त्या सुतळीच्या गाठीतून काढली आणि तशीच पुढे नेली, तर भिंतीपासून १.८ मीटरवर ती गाठीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच असते. माझा कान एक मीटरवर होता, हवा होता १.३ वर.

पहाटे गेले. दगडावर आणखी दोन फरशा ठेवल्या, मागे सरकवला. बसायच्या आधी उभ्यानंच, गुडघे वाकवत, कान हळूहळू खाली आणत होते.

आणि पाणी उजवीकडे उघडलं.

दुसरा शब्द नाही. दार उघडावं तसं. किणकिण, एकेक दाणा वेगळा, इतका जवळ की मी दचकून भिंतीकडे बघितलं, ओली तर झाली नाही ना. मान बोटभर हलवली, गेलं. परत आणली, आलं. डावा खांदा पाण्याकडेच होता. फोनमधल्या आवाजमापकावर त्या जागी आणि तिथून अर्धा मीटर बाजूला सहा डेसिबलचा फरक, पण तो आकडा नंतर घेतला. आधी सूर्य वर येईपर्यंत तिथून उठले नाही.

भिंतीवरून येणारं पाणी थेट पाण्यापेक्षा ३.६ मीटर जास्त चालून येतं. सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. तेवढा उशीर मला चालेल.

१ फेब्रुवारी

माणसं बोलावली. भाची, तिची आई, अण्णा, एक जुनी मैत्रीण.

आधी मनात होतं की बसायच्या जागी खूण करावी. सुझुकींनी १९९६ मध्ये बर्लिनमध्ये तसं केलं होतं, जमिनीवर कान आणि पाऊल एकत्र असलेलं चिन्ह रंगवून, इथं उभे राहा आणि ऐका. पण माझ्या जागेत प्रत्येकाची उंची वेगळी पडते. भाचीला फरशांवर आणखी घडी केलेलं गोणपाट लागलं, मैत्रिणीला एक फरशी काढावी लागली. सगळी मान वाकडी करून, उठून, बसून, सरकून शोधत होती. चेहऱ्यावर तोच भाव, जो मी हाक ऐकल्यावर माझ्या चेहऱ्यावर असतो असं मला वाटतं. बघताना कळलं की खूण करायचीच नाही. शोधणं हेच द्यायचं आहे. फरशा आणि गोणपाट बाजूला रचून ठेवायचे, ज्यानं त्यानं आपली उंची शोधावी.

भाची दोन कानांनी बसली तेव्हा म्हणाली, पाणी दोन्हीकडे आहे. मग न सांगता डाव्या कानात बोट घातलं. बराच वेळ तशीच. बोट काढलं, घातलं. उतरली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, कायम उजवीकडे येते ती.

अण्णांसाठी सगळं उलटं. त्यांचा उजवा गेलेला, त्यांना दुसऱ्या दिशेला तोंड करून बसावं लागलं. बसले. काठी दोन्ही हातांत. "हां," एवढंच म्हणाले. पाच मिनिटांनी परत, "हां."

मैत्रिणीला वाटतं हे एखाद्या मोठ्या बागेत बांधावं, खूप लोक बघतील. तिचा हेतू चांगला आहे. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची चौकात बसवलेली वाकलेली पोलादी भिंत १९८९ मध्ये काढली, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की जागेसाठी केलेलं काम हलवणं म्हणजे ते नष्ट करणं. तिथं मुद्दा वादाचा होता, इथं तर साधा मोजमापाचा आहे. ही भिंत नऊ मीटरवरच्या त्या कातळासाठी वाकलेली आहे. हलवली तर चिखल.

१६ फेब्रुवारी

पाणी कमी झालंय. कातळाच्या कडेवरून आता रुंद पडदा नाही, तीन धारा. जाड आवाज जवळपास गेला, उरलंय ते बारीक. म्हणजे जे भिंत उत्तम गोळा करते तेच. या आठवड्यात ऐकणं सगळ्यात चांगलं आहे.

खालच्या डाव्या बाजूला एका कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय, लिंबाएवढं. माझ्याच भिंतीवर माझ्यापेक्षा सफाईनं. राहू दिलं.

२ मार्च

एक धार. मग थेंब. आज भिंतीत एकेक थेंब ऐकू येतो, मध्ये इतका वेळ की मी श्वास धरून बसते.

१५ मार्च

ओढा आटला. कातळ कोरडा. धोंड्याभोवती डबकं आहे, हातभर खोल, नळकांडी असलीच तर त्यात असतील.

भिंत उतरवायला अजून वेळ आहे, पण आता तिच्याकडे काम नाही असं धरून हत्यारं आणायला गेले होते. बसावं म्हणून बसले. डावा खांदा ओढ्याकडे. वारा नव्हता.

शीळ आली. धोब्याची, गोड आणि मोठी. उजवीकडून, अर्थातच, सगळं उजवीकडूनच येतं. सवयीनं मान उजवीकडे वळणार होती. थांबले. मान न वळवता तशीच चार बोटं मागे नेली. शीळ एकदम लांब गेली, गोधडीखाली. परत आणली, कानाशी आली. पुन्हा मागे, गेली. पुन्हा पुढे, आली.

म्हणजे भिंतीतून येतेय. म्हणजे तो डावीकडे आहे.

डावीकडे बघितलं. अर्ध्या कोरड्या धोंड्यावर, शेपटी खालीवर करत.

हत्यारं तशीच परत नेली. कोपऱ्यातला तडा उद्या पुन्हा भरायला हवा.